लांबलेल्या संकटात धीर धरायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

शेवंती (धागाकर्ती)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

इथे ख्रिस्ती वाचक बरेच आहेत म्हणून हा धागा काढतेय. इतरांनीही जरूर लिहावं.

ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार इथे नगरला डायलिसिस, दर वेळी चार तास. सकाळचा नंबर लागला तर दुपारी घरी येतो, नाही तर अख्खा दिवस तिथेच जातो. मी किडनी द्यायला तयार होते, पण तपासणीत मलाच शुगर निघाली आणि डॉक्टर नाही म्हणाले. सासूबाईंचं वय झालंय. आता पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव आहे. मेंदूमृत दाता मिळायला हवा, रक्तगट जुळायला हवा, यादीत आपला नंबर यायला हवा. यात वर्षं जातात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतं म्हणून खर्चाचं कसंबसं निभावतंय.

पण माझा प्रश्न खर्चाचा नाही. चर्चच्या मंडळीतली माणसं प्रेमाने घरी येतात, प्रार्थना करतात आणि जाताना म्हणतात, "धीर धर, देवाची वेळ येईल." कुणी म्हणतं, विश्वास कमी पडतोय. एका बाईंनी विचारलं, घरात कुणाचं कबूल न केलेलं पाप राहिलंय का. तेव्हापासून मला प्रार्थनाच करता येत नाही. गुडघे टेकते, "प्रभू" म्हणते आणि पुढे काही सुचत नाही. आलाच तर राग येतो.

ज्यांनी असा लांबलेला काळ काढलाय त्यांना विचारायचंय, धीर धरायचा म्हणजे काय करायचं? सकाळी उठल्यापासून काय करायचं? आणि मनात राग असताना केलेली प्रार्थना देव ऐकतो का?

विजयी_जीवन

ताई, जय ख्रिस्त. तुमच्यासाठी आत्ताच प्रार्थना केली.

माझी स्वतःची साक्ष सांगतो. पाठीच्या दुखण्याने मी अंथरुणाला खिळलो होतो. उपास-प्रार्थनेत बंधूंनी माझ्यावर हात ठेवले आणि त्यानंतर मी उठून चालायला लागलो. तो देव आजही तोच आहे. औषध बंद करा असं मी म्हणत नाही, पण मनातला संशय काढून टाका. "बरे झालेच आहेत" असं रोज तोंडाने कबूल करा. यिर्मया २९:११ भिंतीवर लावा. देवाच्या मनात तुमच्या हिताचेच संकल्प आहेत.

मिरजेची_सिस्टर

मी डायलिसिस विभागात नोकरी केली आहे, म्हणून आधी कामाचं बोलते.

"आम्ही बरे झालो" असं म्हणत दोन-तीन पाळ्या चुकवणारे पेशंट मी पाहिलेत. पाणी फुफ्फुसात साठतं, पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि मध्यरात्री धावपळ करत आणावं लागतं. वरच्या दादांनी औषध बंद करा म्हटलेलं नाही हे मी वाचलंय. पण ऐकणारा माणूस थकलेला असतो, त्याला हवं तेवढंच तो ऐकतो. म्हणून शेवंतीताई, पाळी चुकवायची नाही.

दुसरं, घरी येणारे लोक शहाळं आणतात ना? आजाऱ्याकडे जाताना शहाळं, केळी, मोसंबी न्यायची आपली पद्धत आहे. डायलिसिसवाल्याला नेमकं हेच चालत नाही, सगळ्यात पोटॅशियम भरपूर. पाळकसाहेबांना सांगून रविवारी जाहीर निवेदनात घालायला लावा, "भेटीला जाताना शहाळं नेऊ नका." तुम्हाला दारात उभं राहून प्रत्येकाला नको म्हणावं लागणार नाही.

फिस्च्युलाच्या (डायलिसिससाठी शीर जोडलेल्या) हाताला रोज सकाळी बोटं लावून थरथर लागते का बघता ना?

शेवंती

हो सिस्टर, रोज बघते. उठल्याबरोबर तेच पहिलं काम. मांजर गुरगुरतं तशी थरथर लागते, ती लागली की चहा ठेवते. शहाळ्यांचं अगदी खरं आहे, कालच दोन आलीत.

निवृत्त_मास्तर

शेवंतीताई, राग असताना केलेली प्रार्थना देव ऐकतो का, या प्रश्नाचं उत्तर पवित्र शास्त्रातच आहे, आणि ते मोठं आहे. जरा सविस्तर लिहितो.

स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं घ्या. त्यांतली सुमारे एक तृतीयांश गाऱ्हाण्याची आहेत. आपल्या उपासनेत आपण उपकारस्तुतीची आणि तेविसावं म्हणतो, बाकीची पानं उलटतो. तेरावं स्तोत्र काढा. पहिल्या दोनच ओव्यांत स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा "कोठवर" असं विचारतो. कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. त्या स्तोत्राचा शेवट तरी भरवशाने होतो. अठ्ठ्याऐंशीव्याचा तोही होत नाही. ते अंधारातच संपतं. तरीही यहुदी लोकांनी ते गाळलं नाही, ख्रिस्ती मंडळीनेही गाळलं नाही. देवाला उद्देशून म्हटलेलं आहे म्हणून ती प्रार्थना आहे. ज्याचा देवावरचा विश्वास उडालाय तो देवाशी भांडत बसत नाही, तो निघून जातो.

आता त्या बाईंच्या प्रश्नाबद्दल. ईयोबावर संकटामागून संकट कोसळलं आणि त्याचे तीन मित्र आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तेच विचारलं जे तुम्हाला विचारलं गेलं, तुझं काही पाप असेल. पुस्तकाच्या शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी योग्य ते माझा सेवक ईयोब बोलला, तुम्ही नाही. ईयोब काय बोलला होता? जन्मदिवसाला शाप दिला, देवाला न्यायालयात खेचायची भाषा केली. याकोबाच्या पत्रात धीराचं उदाहरण म्हणून याच माणसाचं नाव येतं. म्हणजे शास्त्रात ज्याला धीर म्हटलंय त्यात ओरडणं बसतं.

विजयी_जीवन यांना आदराने एक सांगतो. यिर्मया २९:११ माझ्याही आवडीचं वचन आहे, पण ते एका पत्रातलं आहे आणि ते पत्र सबंध वाचायला हवं. बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयाने ते लिहिलं. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना ते किती आवडलं असेल! यिर्मया म्हणतो, हे खोटं आहे. सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि मग पुढे तुमचं लाडकं वचन येतं. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यातले बहुतेक जण परतीचा दिवस बघायला जिवंत राहणार नव्हते. तरी ते वचन त्यांनाच दिलेलं होतं.

गोदाकाठचा

मास्तर, सलाम. छान लिहिलंत.

मी शेतकरी माणूस, नेवाशाकडचा. याकोबाचं नाव निघालं म्हणून लिहितो. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो, शेतकरी पहिला आणि शेवटला पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो तसा धीर धरा. तिकडे पहिला पाऊस आपल्या दिवाळीच्या आसपास येतो. त्यावर नांगरट आणि पेरणी. शेवटला मार्च-एप्रिलात, त्यावर दाणा भरतो. मधे हिवाळाभर पाऊस पडतो, पण शेवटला हुकला तर कणीस पोचट.

आमच्याकडे मृगाची वाट बघतात तेव्हा कुणी हात जोडून बांधावर बसत नाही. कुळवणी, काशा वेचणं, बियाणं बघणं, बैलांचं दुखणं-खुपणं, बांधबंदिस्ती, सगळं त्याच दिवसांत. पाऊस आपल्या हातात नाही, बाकीचं आहे. ताई, तुम्ही सकाळी उठून फिस्च्युलाला हात लावून बघता, हा मला त्याच जातीचा धीर वाटतो. तुम्ही विचारता काय करायचं, आणि तुम्ही ते करताय.

दुबार पेरणीच्या साली माझीही प्रार्थना बंद पडली होती. घरच्या माणसांनी माझ्या शेजारी बसून केली. मी फक्त आमेन म्हणायचो. काही दिवस तेवढ्यावर निघतात.

वाचनवेडा

मी ख्रिस्ती नाही. घरी पंढरीची वारी आहे. धागा मनापासून वाचतोय. तुकोबांनी विठोबाशी घातलेली भांडणं लहानपणापासून ऐकली आहेत, दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या माणसाची भांडणं. त्यामुळे मास्तरांचं गाऱ्हाण्याबद्दलचं म्हणणं लगेच पटलं.

एक प्रश्न आहे, कुणाला दुखवायचा हेतू नाही. सत्तर वर्षांनी परत जाऊ, पण आम्ही नसू. पेशंट बरा होईल की नाही माहीत नाही. मग ही आशा आणि माणसाने स्वतःची घातलेली समजूत, यांत फरक काय?

दौंडकर

वाचनवेडा, प्रश्न रास्त आहे. सिद्धांत मला नीट मांडता येणार नाही. आमच्या तालुक्यातलं एक आयुष्य सांगतो.

पंडिता रमाबाई. जन्म १८५८. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, मोठी बहीण, सगळे उपासमारीने गेले. राहिला एक भाऊ, त्याच्याबरोबर पायी फिरत कलकत्त्याला पोचल्या. १८८० मध्ये तोही गेला. त्याच वर्षी लग्न केलं, १८८२ मध्ये पती पटकीने गेले. हातात तान्ही मनोरमा. हे सगळं वयाच्या पंचविशीच्या आत. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या बाईने विश्वास धरला तिने सगळं भोगून झाल्यावर धरला. देवाकडे आलं की घरातली माणसं मरत नाहीत, अशी तिची समजूत असणं शक्यच नव्हतं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, शाळा, छापखाना, विणकाम उभं केलं. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावलेल्या बाईने दुष्काळातल्याच शेकडो मुलींना घर दिलं. आपल्या नंतर मनोरमा काम सांभाळेल असं मनात होतं. मनोरमा १९२१ मध्ये गेली, आईच्या आधी. रमाबाई पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधल्या महिन्यांत त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या.

स्वतःची समजूत घातलेला माणूस मुलगी गेल्यावर मुद्रितं तपासत बसेल का, मला शंका आहे. समजूत खोटी पडली की माणूस कोसळतो. तिची आशा मनोरमा जगण्यावर टेकलेली नव्हती, एवढं मला दिसतं.

अंधेरी_लोकल

वाचनवेडा यांच्या प्रश्नावर मलाही लिहायचंय, कारण माझे पती बरे झाले नाहीत.

कॅन्सर होता. प्रार्थना आमच्या मंडळीने केली, शेजारच्या मंडळीने केली, चर्चगेटच्या डब्यातल्या बायकांनी केली, त्यांत हिंदू होत्या, मुसलमान होत्या. ते गेले. त्यानंतर एकाने मला म्हटलं, "रडू नका, ते प्रभूकडे आहेत." मला तेव्हा त्या माणसाचं तोंड बघवेना. नंतर प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस पत्र वाचताना दिसलं की तो रडू नका असं म्हणतच नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं म्हणतो. खेद करा, पण आशा असलेल्या माणसासारखा. मेलेला लाजरस पुन्हा उठणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला.

आमची आशा डॉक्टरांच्या रिपोर्टवर नाही. येशू मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, यावर आहे. हे खरं नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, असं पौलानेच करिंथकरांना स्पष्ट लिहून ठेवलंय. म्हणजे ही आशा खोटी ठरू शकते, अशा जागी त्याने ती ठेवली. समजूत आणि आशा यांतला फरक मला इथे दिसतो. समजुतीला खरं-खोटं लागत नाही, बरं वाटलं की झालं. मला तर कित्येक दिवस बरंही वाटत नसतं. तरी ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरस्तानात उपासनेला जातो, त्यांच्या कबरेशेजारी उभी राहून मी "तो उठला आहे" म्हणते, आणि मला ते खरं वाटतं.

शेवंतीताई, ह्यांना किडनी मिळो, ही माझी रोजची प्रार्थना राहील. पण मिळाली तरच तुमचा विश्वास खरा, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

पाचूबंदर

आम्ही वसईचे, कॅथलिक. मंडळींच्या पद्धती वेगळ्या असतील, पण एक सांगावंसं वाटतं.

पवित्र आठवड्यातला शनिवार मला फार जवळचा आहे. गुरुवारी रात्रीच वेदीवरची वस्त्रं काढतात. शुक्रवारी क्रूसाची भक्ती. आणि शनिवारी दिवसभर मिस्साच नसते. वेदी उघडी. रात्रीच्या जागरणविधीपर्यंत चर्चमध्ये काही घडत नाही. लहानपणी मला तो दिवस रिकामा वाटायचा. आई आजारी पडल्यावर कळलं की वर्षातला एक दिवस मंडळीने मुद्दाम तसाच ठेवलाय. शिष्यांना त्या शनिवारी रविवार माहीत नव्हता. बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवली होती, तीसुद्धा प्रेताला लावायला. त्या उठून कबरेकडे निघाल्या त्या आशेने नव्हे, करायचं काम राहिलं होतं म्हणून.

आईच्या वेळी मला स्वतःची प्रार्थना सुचत नसे. जपमाळ हातात घ्यायचो. शब्द आधीच ठरलेले, आपण फक्त मणी पुढे सरकवायचे. तुमच्याकडे जपमाळ नाही, पण प्रभूची प्रार्थना आहे. सुचत नसेल तर तीच म्हणा, तेवढी पुरे.

विजयी_जीवन

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. शेवंतीताई, माझ्यामुळे ओझं वाढलं असेल तर क्षमा असावी, तसा हेतू नव्हता. पण देव आजही बरं करतो यावर माझा विश्वास आहे आणि तो मी सोडणार नाही. मला त्याने उठवलं.

निवृत्त_मास्तर

बंधू, सोडूच नका. तुमची साक्ष तुमची आहे आणि ती खरी आहे. फक्त तिच्याशेजारी दुसरं तीमथ्य ४:२० ठेवा. त्रफिमाला मिलेतात आजारी असतानाच सोडून आलो, असं पौल लिहितो. ज्याच्या हातून इतके लोक बरे झाले त्याचा जवळचा सोबती आजारीच राहिला, आणि पौल त्याच्या विश्वासाबद्दल एक वावगा शब्द काढत नाही. तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यालाही तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, संशय काढ म्हणत नाही. त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनंती करूनही निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे" एवढंच उत्तर मिळालं.

विजयी_जीवन

त्रफिमाची ओवी शंभरदा वाचली असेल, तिथे थांबलो कधी नव्हतो. विचार करतो. ताई, मी नगरलाच असतो. शनिवारी गाडी मोकळी असते. डायलिसिसला सोडायला-आणायला येऊ शकतो. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवला आहे.

शेवंती

सगळ्यांचे आभार कसे मानू. दादा, निरोप मिळाला. शनिवारी रिक्षा मिळताना फार हाल होतात, तुम्ही आलात तर खरंच आधार होईल. ह्यांना सांगितलं, ते म्हणाले, "शहाळं आणू नका म्हणावं."

गुरुवारी मशीन चालू असताना त्यांना अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून दाखवलं. मला वाटलं ऐकून खचतील. ते म्हणाले, हे कुणी लिहिलं, याला माहीत होतं. मग पलीकडच्या खुर्चीवरचे काका म्हणाले, जरा मोठ्याने वाचा. ते ख्रिस्ती नाहीत. मोठ्याने वाचलं. आता ठरवलंय, दर पाळीला एक स्तोत्र, क्रमाने, पहिल्यापासून. माझी स्वतःची प्रार्थना अजून येत नाही, पण गोदाकाठच्या दादांसारखं आमेन म्हणतेय.

एक विचारायचं राहिलं. ह्यांनी कित्येक महिने प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) घेतलेलं नाही. रविवारी उठवत नाही, आणि पाण्याचं इतकं मोजून आहे की द्राक्षरसाचीही भीती वाटते. सिस्टर, चालेल का?

मिरजेची_सिस्टर

चालेल ताई. द्राक्षरसात पोटॅशियम असतं हे खरं, पण प्रभुभोजनाचा तो लहानसा पेला म्हणजे घोटभर. तेवढ्याने काही होत नाही. दिवसाच्या पाण्यात तो धरा आणि तेवढं पाणी कमी द्या, म्हणजे हिशेब चुकणार नाही. मनात शंका राहिली तर पुढच्या पाळीला तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारून घ्या.

आणि रविवारी उठवत नसेल तर पाळकसाहेबांना घरी बोलवा, आजाऱ्याला घरी प्रभुभोजन देतात. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी नको, अंगात त्राण नसतं. बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी ठेवा. भाकरीचा तुकडा मीठ नसलेला असू द्या. आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर बसून घ्या, स्वयंपाकघरात राहू नका.